सल्ला आणि तोल

व्यापाऱ्यापाशी एक प्रकारचे शहाणपण असते, ही गोष्ट कोणी नाकारणार नाही. ते शहाणपण राज्याच्या कामी लावावे काय, आणि लावावयाचे तर कोणत्या अटींवर, हा प्रश्न मात्र वाटतो तितका सोपा नाही. उद्योगधंद्यांत मुरलेल्या गृहस्थांस सरकारी मंत्रालयात वरिष्ठ सल्लागार म्हणून पाचारण करण्याची प्रथा आता पुष्कळ देशांत रूढ झाली आहे. काही लोक तिचे तोंडभर कौतुक करतात; काही लोकांस तीत राज्याची विक्रीच दिसते. आम्हांस हे दोन्ही पक्ष उतावळे वाटतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार नीतीच्या बाजूने करावयाचा आहे, आणि त्याचा आरंभ मंत्रालयापासून न करता गुळाच्या बाजारापासून करावा, असे आम्ही योजिले आहे.

कसबा बावडा हे आमचे गाव. आज ते कोल्हापूर शहरात मिसळून गेले आहे. परंतु पंचगंगेच्या काठची जमीन आणि तीवरचा ऊस यांमुळे त्याचा शेतकरी पिंड अद्यापि मोडलेला नाही. या भागातील ऊस साखर कारखान्यांकडे जाऊ लागला त्यापूर्वी तो गुऱ्हाळावर जात असे, आणि काही ऊस आजही तेथेच जातो. गुळाचे रवे तयार झाले की ते कोल्हापूरच्या बाजारात अडत्याच्या दुकानी उतरतात. तेथे शेतकरी पहिला प्रश्न विचारतो तो हा, की माल आजच सौद्यास लावावा की चार दिवस थांबावे? हा प्रश्न विचारण्यास अडत्याहून अधिक योग्य मनुष्य सापडणार नाही. गुजरातेत मागणी किती आहे, उद्या आवक किती होईल, कोणत्या खरेदीदाराची निकड कोठवर आली आहे, हे सारे त्यास तोंडपाठ. परंतु माल विकला गेला तरच अडत पदरात पडते, ही गोष्ट जशी अडत्यास ठाऊक असते तशी शेतकऱ्यासही असते. म्हणून तो सल्ला मान लववून ऐकतो, आणि मग चहाच्या निमित्ताने बाहेर पडून शेजारच्या दुकानी काय चालले आहे ते आपल्या डोळ्यांनी पाहून येतो.

येथे अडत्यास कोणी लबाड समजत नाही. पुष्कळदा उभय घराण्यांचा दोन-दोन पिढ्यांचा घरोबा असतो. मुलीच्या लग्नास लागणारी उचलही त्याच दुकानातून मिळालेली असते. असे असूनही बाजाराने एक व्यवस्था लावून दिली आहे. भाव ठरावयाचा तो उघड सौद्यात, आणि माल तोलावयाचा तो परवाना घेतलेल्या तोलाराने. सल्ला देणारा एक, भाव बोलणारा दुसरा आणि तोलणारा तिसरा. मुंबई इलाख्यात १९३९ साली आणि महाराष्ट्र राज्यात १९६३ साली बाजारासंबंधी जे कायदे झाले, त्यांनी या कामांची नियमने बाजार समित्यांच्या हाती सोपविली. ती नेहमीच कसोशीने पाळली जातात असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु त्यांच्या मुळाशी असलेला विचार निर्दोष आहे. मनुष्य प्रामाणिक असो वा नसो, सल्ला आणि तोल या दोन गोष्टी एका हाती असू नयेत, हा तो विचार होय.

आता मंत्रालयाकडे वळू. केंद्र सरकारने २०१८ साली सहसचिवांच्या दहा जागांकरिता जाहिरात दिली, आणि तीत खाजगी कंपन्यांतील पंधरा वर्षांच्या अनुभवाचे लोकही अर्ज करू शकतील असे म्हटले. मुदत तीन वर्षांची, फार तर पाच वर्षांपर्यंत वाढणारी. पुढल्या वर्षी नऊ जणांची निवड झाली. २०२४ च्या ऑगस्टात अशाच पंचेचाळीस जागांची जाहिरात निघाली. परंतु तीत आरक्षण नाही असा गदारोळ होऊन तीनच दिवसांत ती मागे घ्यावी लागली. या जागा निदान अधिकाऱ्याच्या आहेत. त्यांवर बसणारा मनुष्य कागदावर सही करतो आणि त्या सहीस बांधला जातो. सल्लागाराची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. तो हुकूम काढीत नाही, खर्च मंजूर करीत नाही, विधिमंडळात उत्तर देण्यास उभा राहत नाही. तो केवळ बोलतो. परंतु ज्याच्या बोलण्यावरून हुकूम निघतात त्याची सत्ता हुकूम काढणाऱ्याहून कमी नसते; कमी असते ती केवळ जबाबदारी. सत्ता आहे आणि सही नाही, अशी ही विलक्षण जागा आहे. नीतीचा प्रश्न येथेच उपस्थित होतो.

प्रथम अनुकूल बाजू पाहू, कारण ती दुर्बळ नाही. सरकारी अधिकारी दर दोन-तीन वर्षांनी एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातो. आज जंगले पाहणारा उद्या जहाजे पाहतो. जहाजाच्या व्यापारात तीस वर्षे घालविलेल्या मनुष्यापुढे तो केवळ वाचून आलेला असतो, आणि वाचून आलेल्याने काढलेल्या नियमांची किंमत पुष्कळदा लोकांस मोजावी लागते. कोल्हापूरचाच दाखला घेऊ. ज्या शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी आमच्या या बावड्यातील लक्ष्मीविलास राजवाड्यात झाला, त्यांनी गादीवर आल्यानंतर वर्षभरात, १८९५ साली, शाहूपुरीची पेठ वसविली आणि गुळाच्या व्यापारास हक्काचे स्थान दिले. १९०६ साली कापडाच्या गिरणीचा पाया घातला. पेठ वसवावयाची तर व्यापारी हवेत, आणि व्यापारी हवेत तर त्यांस काय हवे, काय नको, हे त्यांच्याकडूनच समजून घ्यावे लागणार. राजाने व्यापाऱ्याचे ऐकूच नये, असे म्हणणाऱ्याने ओस पेठेत राज्य करण्याची तयारी ठेवावी.

परदेशांतही असेच अनुभव आहेत. १९४० साली युद्धाची छाया पडताच अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी जनरल मोटर्सचे प्रमुख विल्यम नूडसेन यांस शस्त्रसामग्रीच्या उत्पादनाकरिता बोलाविले. ते कंपनीचे पद सोडून वर्षास एक डॉलर वेतनावर आले. कारखाना कसा चालतो हे ज्यास कळते त्याने रणगाडे किती दिवसांत होतील हे सांगावे, यात गैर काय? आपल्या देशात १९४४ साली पुरुषोत्तमदास ठाकुरदास, जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला प्रभृती आठ जणांनी पंधरा वर्षांत दहा हजार कोटी रुपये खर्चण्याची योजना देशापुढे मांडली; ती मुंबई योजना या नावाने प्रसिद्ध आहे. तिच्या कर्त्यांपैकी टाटांच्या पेढीतील आर्देशीर दलाल त्याच वर्षी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात नियोजनाचे सभासद झाले. उद्योगपतींनी सरकारच्या नियंत्रणाची मागणी करावी, याचे पुष्कळांस नवल वाटले. तर परकी मालापासून संरक्षण मिळाल्याने प्रथम लाभ कोणाचा होणार, असेही काहींनी विचारले. आमच्या मते दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. स्वार्थ असलेला सल्ला खोटाच असतो, असे नाही. किंबहुना स्वार्थ आणि लोकहित काही काळ एकाच वाटेने चालतात, म्हणूनच ती वाट कोठे फुटते हे पाहणे अवघड होऊन बसते.

ही वाट फुटण्याची जागा फार पूर्वी एका मराठी मुत्सद्द्याने अचूक हेरली होती. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कोल्हापूरच्या संभाजीराजांकरिता जी आज्ञापत्रे सिद्ध केली, त्यांत सावकारांचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. (पंतांच्या घराण्यास बावडेकर म्हणतात ते गगनबावड्यावरून, आमच्या कसब्याशी त्याचा संबंध नाही.) सावकारामुळे राज्यास शोभा येते, नाना देशींच्या वस्तू येतात, प्रसंगी कर्जवाम मिळते; म्हणून त्याचा मान राखावा, त्यास उपद्रव होऊ देऊ नये, असा त्यांचा आशय आहे. परंतु लगेच पुढे ते टोपीकरांस या वर्गातून वेगळे काढतात. तेही व्यापारच करतात. पण त्यांच्या पाठीशी त्यांचे त्यांचे राजे आहेत, त्यांच्या आज्ञेनेच ते येथे येतात. यास्तव त्यांस समुद्रकाठी ठाणे देऊ नये, असा इशारा आहे. पंतांनी भेद कशावरून केला हे लक्षात घेण्याजोगे आहे. मनुष्य चांगला की वाईट, माल खरा की खोटा, यावरून तो केलेला नाही. समोर उभा असलेला मनुष्य परत कोणाकडे जाणार आहे, यावरून केला आहे. पुढल्या शंभर वर्षांच्या इतिहासाने या इशाऱ्याचे मोल कळविले, परंतु तोवर उशीर झाला होता.

परत कोणाकडे जाणार, हाच आजच्या सल्लागारासंबंधीचाही पहिला प्रश्न आहे. १९४० च्या सुमारास एक डॉलरवर आलेले पुष्कळ अमेरिकी गृहस्थ नूडसेनप्रमाणे पद सोडून आलेले नव्हते. त्यांचा पगार मागल्या कंपनीकडून चालूच होता. सिनेटर ट्रूमन यांच्या समितीने १९४२ च्या आरंभी या प्रथेवर कडक टीका केली. ज्याची भाकरी एका घरची आहे तो दुसऱ्या घराच्या कणगीची राखण मनापासून कशी करील, हाच त्या टीकेचा मथितार्थ होता. अलीकडचे उदाहरण विलायतेचे आहे. लेक्स ग्रीनसिल नामक सावकारी पेशाचा एक गृहस्थ पंतप्रधान कॅमेरन यांच्या कारकीर्दीत सरकारचा सल्लागार होता. सरकारास माल पुरविणाऱ्यांची बिले लवकर कशी चुकती करावी, हा त्याच्या सल्ल्याचा विषय. आणि नेमका हाच त्याच्या स्वतःच्या पेढीचा धंदा. सरकारी खरेदीचे प्रमुख अधिकारी बिल क्रदर्स २०१५ साली नोकरीत असतानाच त्या पेढीचे अर्धवेळ सल्लागार झाले, आणि तेही रीतसर परवानगीने. कॅमेरन पायउतार झाल्यावर ते स्वतः त्याच पेढीचे सल्लागार झाले आणि २०२० साली तिच्याकरिता मंत्र्यांकडे शब्द टाकू लागले. २०२१ च्या मार्चात पेढी बुडाली, तेव्हा हे सारे चव्हाट्यावर आले. या प्रकरणात आम्हांस सर्वांत अधिक खटकते ती ‘रीतसर परवानगी’. कोणी कुलूप फोडले नाही. दार आतूनच उघडे ठेवलेले होते.

येथवरचा दोष नियमांनी आवरता येण्याजोगा आहे. पद सोडून यावे, आपले समभाग व हितसंबंध जाहीर करावे, परत जाण्यापूर्वी काही काळ थांबावे. आपल्याकडे सनदी अधिकाऱ्यास निवृत्तीनंतर वर्षभर परवानगीवाचून खाजगी व्यापारी नोकरी धरता येत नाही. तोच दंडक सल्लागारास लावण्यास हरकत नसावी. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लोकसेवकाची व्याख्या इतकी विस्तृत आहे की सार्वजनिक कामाबद्दल सरकारकडून फी घेणाराही तीत येतो. पैसा खाणाऱ्यास पकडण्याची सोय, कागदावर तरी, आहे. परंतु जो पैसा खात नाही, ज्यास परत जावयाचे नाही, जो खरोखरीच सज्जन आहे, अशा सल्लागाराचे काय? आमच्या मते खरा प्रश्न तेथेच आहे.

मनुष्य आपला धंदा मागे ठेवून येऊ शकतो. धंद्याने दिलेली दृष्टी त्यास मागे ठेवता येत नाही. समजा, साखरधंद्यात आयुष्य घालविलेला एखादा सच्छील गृहस्थ उसाच्या दरासंबंधी सल्ला देण्यास बसला. तो सहज विचारील की, साखरेचा भाव आणि उसाचा उतारा पाहता कारखान्यास किती दर झेपेल? प्रश्न योग्यच आहे. परंतु आमच्या बावड्यातला शेतकरी विचारील की, दीड वर्ष रानात उभ्या असलेल्या आडसाली उसास माझा खर्च किती आला? आणि मराठवाड्यातून टोळीबरोबर आलेली, पहाटेच्या थंडीत मोळी डोक्यावर घेऊन गाडीची फळी चढणारी बाई काय विचारील, हे आपण सांगू शकत नाही. कारण तिला कोणी विचारलेलेच नाही. पहिला प्रश्न विचारणारा खोटे बोलत नाही. त्यास दुसरे दोन प्रश्न सुचतच नाहीत. लाच घेणाऱ्याचे मन त्यास निदान रात्री टोचत असेल. न सुचलेला प्रश्न कोणासच टोचत नाही. म्हणून प्रामाणिक मनुष्याचा एकांगी सल्ला हा अप्रामाणिक मनुष्याच्या सल्ल्याहून अधिक निर्धास्तपणे दिला जातो आणि तितक्याच निर्धास्तपणे घेतलाही जातो.

यावर कोणी म्हणेल की, दृष्टीचा हा दोष कोणास चुकला आहे? अधिकाऱ्यास नियमांची दृष्टी असते, प्राध्यापकास पुस्तकांची, पुढाऱ्यास मतांची. हा आक्षेप आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. एवढेच नव्हे, तर उसाच्या दरासंबंधी उद्या आम्हांसच कोणी विचारले, तर आमचाही कौल कोणीकडे झुकेल हे वाचकांस सांगावयास नको; ज्यांच्या शेजारी आम्ही वाढलो त्यांची बाजू आम्हांस न्यायाचीच वाटणार. परंतु या आक्षेपातून निघतो तो निष्कर्ष असा की, निर्दोष दृष्टीचा मनुष्य शोधण्याचा नाद सोडावा आणि एकाच्या दृष्टीस दुसऱ्याची दृष्टी जोडावी. साखरेच्या बाबतीत हे थोडेबहुत घडले आहे. २०१२ साली रंगराजन समितीने साखर आणि उपपदार्थ यांच्या उत्पन्नाचे सत्तर टक्के ऊस पिकविणाऱ्यास मिळावे, असे सुचविले. २०१३ साली महाराष्ट्राने ऊसदराचा जो कायदा केला त्यान्वये नेमावयाच्या मंडळात कारखानदारांबरोबर शेतकऱ्यांच्याही प्रतिनिधींस स्थान दिले. मोळी वाहणारीची खुर्ची मात्र अशा बैठकींत सहसा मांडलेली नसते.

२०२४ ची जाहिरात ज्या कारणाने मागे घ्यावी लागली, त्याचा विचारही याच अंगाने व्हावा. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी आपल्या संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के मागासलेल्या वर्गांकरिता राखल्या, आणि १९१८ साली कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले. या निर्णयांवर त्या काळी कडू वाद झाले, आणि महाराजांच्या मनातील सर्व हेतूंचा उलगडा करण्याचे हे स्थळ नव्हे. आम्हांस त्यांतून दोन तत्त्वे दिसतात, एवढेच सांगतो. दप्तर आणि गावातील हितसंबंध एकाच घरी पिढ्यान्‌पिढ्या नांदू नयेत, हे एक. आणि दरबारात ज्यांचे डोळे कधी पोहोचले नाहीत त्यांचे डोळे तेथे पोहोचविल्यावाचून दरबारास सारे राज्य दिसत नाही, हे दुसरे. सल्लागार नेमताना गुणवत्ता पाहावी, असे सांगणारे बरोबरच सांगतात. परंतु जे एकासच दिसते आणि दुसऱ्यास दिसत नाही, ते पाहू शकणे हीही गुणवत्ताच नव्हे काय?

दुसराही एक मार्ग आहे. तो विरळा, पण आपल्याच भूमीतला आहे. गोखले संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी विठ्ठलराव विखे पाटलांच्या जोडीने प्रवरेच्या सहकारी कारखान्याच्या पहिल्या अध्यक्षपदाची धुरा वाहिली. कारखान्याचा हिशेब, उसाचा उतारा, शेतकऱ्याची भीड, यांतले त्यांस सारे कळत होते. पुढे १९६७ साली ते केंद्राच्या नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. धंद्याचे ज्ञान आहे परंतु धंद्यात स्वतःची पेढी नाही, अशी ही तिसरी जात आहे. असे लोक मागणीबरहुकूम मिळत नाहीत. तथापि धंद्याचे ज्ञान केवळ धंदेवाल्यापाशीच असते हा समज खोटा ठरविण्यास त्यांचे उदाहरण पुरेसे आहे.

मग व्यापारी सल्लागाराने करावे तरी काय? त्याचा सल्ला लेखी असावा, वेळ आली असता तो लोकांस वाचावयास मिळावा, आणि त्याच विषयावर विरुद्ध हिताच्या मनुष्याचाही सल्ला त्याच कागदास जोडलेला असावा, या गोष्टी सरकारने करावयाच्या आहेत. स्वतः सल्लागाराने करावयाची गोष्ट एकच आहे, आणि ती कोणत्याही कायद्यात लिहून ठेवता येणार नाही. योग्य प्रसंगी, ‘या बाबतीत मला विचारू नका,’ एवढे शब्द त्याच्या तोंडून निघाले पाहिजेत. ज्या विषयात आपणांस सर्वांत अधिक कळते, त्याच विषयात पुष्कळदा आपले हितही सर्वांत अधिक गुंतलेले असते. म्हणून हे शब्द उच्चारणे म्हणजे आपल्या विद्वत्तेच्या ऐन मैदानातून पाय मागे घेणे होय. मानी मनुष्यास ते लाच नाकारण्याहून कठीण वाटेल. पण ज्यास ते जमते, त्याचे बाकीचे सारे बोलणे निःशंकपणे ऐकावे. ज्यास ते कधीच सुचत नाही, तो कितीही सज्जन असला तरी त्याच्यासमोर तोलाराची गरज आहे.

गुळाच्या बाजारातला आमचा शेतकरी हे तत्त्वज्ञान न वाचता आचरतो. तो अडत्याच्या गादीवर बसतो, त्याने दिलेला चहा घेतो, त्याचा सल्ला मनापासून ऐकतो आणि त्याबद्दल त्याचे आभारही मानतो. परंतु रवे काट्यावर चढू लागले की तो उठून काट्याजवळ जाऊन उभा राहतो. त्याच्या त्या उठण्यात अडत्याचा अपमान नाही, आणि अडत्याही तो अपमान मानीत नाही. राज्यकर्त्यांनी व्यापाऱ्याचा सल्ला अवश्य घ्यावा. फक्त सौद्याच्या वेळी तेवढे उठून उभे राहण्यास विसरू नये. काट्यावर चढणारा माल त्यांचा नसून आमचा-तुमचा असतो.